सतरा नंबरचा वाफा

वेंकोबण्णा रोज सकाळी साडेआठ वाजता जमिनीला शिव्या द्यायला सुरुवात करत. फार्मच्या फाटकातून आत आले की चपला बांधावर काढायच्या, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, पहिल्या वाफ्याच्या कडेला उकिडवं बसायचं, जमिनीतून वर आलेल्या दोन तारा मीटरला जोडायच्या आणि काट्याकडे डोळे वटारून विचारायचं, "काय ग? काल पोटभर प्यालीस आणि आज कोरडी म्हणून सांगतेस? लाज नाही तुला?"

जमीन उत्तर देत नसे. मग ते मीटरला शिव्या देत. तोही गप्प राहिला की जवळ जो कोणी असेल त्याला. बहुतेक वेळा तो मीच असे.

मी तेव्हा निपाणीहून नुकताच बंगळूरला आलो होतो. मारतहळ्ळी त्या काळी निव्वळ खेडं होतं. त्याच्या अलीकडे, तळ्याच्या खालच्या अंगाला आमचं सरकारी शेतकी फार्म. मी तिथे नोंदी ठेवणारा कारकून आणि वेंकोबण्णा उपकरणांचे मेकॅनिक. पूर्ण नाव वेंकोबराव शिंदे. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आलं. "मी सांगितलो ना तुला!" "मी बघितलो!" असं ते बोलत. एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, 'मी सांगितलं' असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"आमच्याकडे. निपाणीला."

"तीनशे वर्षं आम्ही इथे मराठी सांभाळून ठेवलो. तू काल बसमधनं उतरलास आणि मला शिकवतोस? कत्ते!"

कत्ते म्हणजे कन्नडात गाढव. त्या दिवसापासून माझं नाव 'निप्पाणी' पडलं आणि हसूही बंद झालं.

कत्ते या शब्दाची वेंकोबण्णांकडे प्रतवारी होती. किरकोळ चुकीला 'स्वल्प कत्ते', म्हणजे जरासं गाढव. मीटर उन्हात उघडा ठेवला तर साधं 'कत्ते'. आणि तारेवरून बैल नेला तर 'डबल कत्ते', ज्यात बैल आणि बैलवाला दोघेही येत. आमचे अधीक्षक साहेब परदेशात शिकून आलेले होते. त्यांना वेंकोबण्णा तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठ फिरताच हाताची दोन बोटं वर करत. दोन बोटं म्हणजे डबल.

आता तो मीटर काय होता ते सांगायला हवं. पिकाला पाणी कधी द्यायचं हे शेतकरी मातीत हात घालून ठरवतो. साहेबांना ते मोजून ठरवायचं होतं. त्यासाठी वेंकोबण्णा पांढऱ्या प्लास्टरच्या छोट्या वड्या पाडत, साबणाच्या वडीपेक्षा लहान, आत दोन तारा बसवलेल्या. ही वडी मुळांच्या खोलीवर जमिनीत पुरायची, तारा वर काढायच्या. माती ओली असली की वडी ओल धरते आणि वीज सहज जाते, काटा 'ओलं'कडे सरकतो. माती सुकली की काटा 'कोरडं'कडे. अशा चोवीस वाफ्यांत वड्या पुरल्या होत्या, पीक नवलकोलचं. अर्ध्या वाफ्यांना वाराच्या हिशोबाने पाणी, अर्ध्यांना काटा सांगेल तेव्हा.

ऐकायला सोपं वाटतं. पण रोज काही ना काही बिघडलेलं असायचं. उंदीर तार कुरतडायचे, खुरपणाऱ्या बायकांचं खुरपं लागायचं, जोडाला गंज चढायचा. वेंकोबण्णा रागारागाने एकेकाची झडती घेत आणि ज्याचा दोष नाही त्याला मोठ्याने सोडून देत. "बॅटरी निर्दोष! चल, पुढे हो!" असं ते बॅटरीला खरोखर म्हणत. मग स्क्रू. मग तार. शेवटी दोषी सापडला की त्याला बांधावर ठेवून सगळ्यांना बघायला बोलावत.

तार आणायला आम्ही चिकपेटला जात असू. तिथले दुकानदार वेंकोबण्णांना लांबून बघूनच हातातला चहा खाली ठेवत. ते तारेचं टोक दाताने सोलायचे, वाकवायचे, पुन्हा वाकवायचे. एका दुकानात ती तिसऱ्या वेळेला तुटली.

"ही तार आहे? ही शेवई आहे! दुधात घालून तुझ्या जावयाला वाढ!"

"स्वामी, बाकीचे लोक घेतात."

"बाकीचे लोक भिंतीवर लावतात. मला जमिनीत पुरायची आहे. पुरलेल्या वस्तूची चूक वर दिसत नाही रे, कळतंय काय तुला?"

दुकानदाराला काही कळलं नाही. मलाही त्या दिवशी कळलं नव्हतं.

त्यांच्या शिव्यांचा सर्वांत मोठा वाटा मात्र मुनियप्पाच्या पदरात पडे. मुनियप्पा आमचा नीरगंटी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, वळवणारा माणूस. पन्नाशीचा, काळाभोर, सरळ पाठीचा. खांद्यावर फावडं आणि तोंडात पान. तो क्वचित बोलायचा. वेंकोबण्णा त्याला "डबल कत्ते, वडीवर पाय दिलास!" म्हणून ओरडत आणि तो पान एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन "सरी, अण्णा" म्हणायचा. सरी म्हणजे बरं. बस्स. या 'सरी'ने वेंकोबण्णा अधिकच भडकत. "हा माणूस भांडत का नाही?" असं ते मलाच दरडावून विचारत.

त्या वर्षी संक्रांतीनंतर वेंकोबण्णांना मंड्याकडच्या एका उपकेंद्रावर मीटर दुरुस्तीसाठी पाठवलं. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत जे झालं त्याचा मला आजही राग येतो, आणि सर्वांत जास्त राग मला माझाच येतो.

सतरा नंबरचा वाफा काट्यावर कोरडा दिसायला लागला. मी नोंद केली. साहेबांनी चिठ्ठी दिली, पाणी सोडा. मुनियप्पाने सोडलं. दुसऱ्या दिवशी काटा तिथेच. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा पाणी. काटा ढिम्म. असं पाच वेळा झालं. पंपाच्या वहीत पाणी गेल्याची नोंद आणि मीटरच्या वहीत पाणी न पोचल्याची. मधलं पाणी गेलं कुठे?

सतराव्या वाफ्याला लागून फार्मचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एका खाजगी माणसाचा कोबी. चांगला टरारलेला. साहेबांनी कुंपणापाशी उभं राहून एकदा कोबीकडे बघितलं, एकदा मुनियप्पाकडे.

"पाणी विकतोस?"

मुनियप्पाने पान थुंकलं. अकरा वर्षांत तो साहेबांसमोर कधी थुंकला नव्हता असं जुने लोक सांगत. "पाणी वाफ्यात सोडलं, स्वामी."

"मग ही पानं पिवळी का पडली? पाणी मिळालेल्या पिकाची पानं अशी असतात?"

नवलकोलची पानं खरंच पिवळी पडत होती. मुनियप्पा म्हणाला, "मातीत हात घालून बघा, स्वामी."

साहेब म्हणाले, "माझ्याकडे मीटर आहे."

मी तिथेच उभा होतो. तारांची टोकं बांधावरच्या खुंटीला बांधलेली असत, त्यामुळे मीटर वाचायला वाफ्यात उतरावं लागत नसे. माझ्या पायात नवे बूट होते. इतक्या दिवसांत एकदाही मी त्या वाफ्यात पाऊल टाकलं नव्हतं. वरची तांबडी माती दुपारच्या उन्हाने पापडासारखी वाळलेली दिसे, तेवढी बघून मी वहीत 'कोरडं' लिहीत होतो. साहेबांनी अहवाल लिहायला सांगितला आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिला की नीरगंटी मुनियप्पा याने सरकारी पाणी अन्यत्र वळवल्याचं नोंदींवरून दिसतं. खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्याने कामावर येऊ नये असा हुकूम निघाला.

मुनियप्पाने फावडं पंपघरात भिंतीला टेकवून ठेवलं. हात धुतले. गेला.

तीन दिवसांनी वेंकोबण्णा परतले. मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो होतो; येताना बसमध्येच सगळं सांगितलं. का कोण जाणे, मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं, वडीवर पाय देणारा गेला. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. इतका वेळ गप्प बसलेले वेंकोबण्णा मी पहिल्यांदाच पाहत होतो. फाटकाशी उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"मुनियप्पा चोर?" ते ओरडले तेव्हा फाटकावरचा पहारेकरी स्टुलावरून उठून उभा राहिला. "जो माणूस पाटात पडलेला माझा पेचकस सहा महिन्यांनी परत आणून देतो, तो पाणी चोरतो? कोण लिहिलं हे?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मला कत्ते म्हटलं नाही. नुसतं बघितलं. त्यापेक्षा त्यांनी चपलेने मारलं असतं तरी चाललं असतं.

ते थेट सतराव्या वाफ्यावर गेले, चपला काढल्या आणि आत उतरले. दुसऱ्याच पावलाला वरचा पापड फुटला आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यांनी वाकून मूठभर माती उपसली आणि दाबली. बोटांमधून चिखल बाहेर आला.

"ये इकडे, निप्पाणी. बूट घालून ये."

मी गेलो. बूट रुतले. त्यांनी तो चिखल माझ्या तळहातावर थापला. "हे काय आहे?"

"ओलं आहे, अण्णा."

"ओलं? हे तळं आहे! पिवळी का पडली पानं? बुडून मेली बिचारी! मुळांना श्वास घ्यायला जागा ठेवला नाही तुम्ही लोक! पाच वेळा पाणी पाजलात आणि वर म्हणता तहानेने मेली?"

एव्हाना साहेब ऑफिसातून बाहेर आले होते. बांधावरूनच म्हणाले, "शिंदे, वरची ओल पुरावा होत नाही. खाली मीटर कोरडं दाखवतोय."

"सर, मग मीटरची झडती घेऊ."

"घ्या. पण खणायचं नाही. पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत, सतरा नंबर त्यांना दाखवायचा आहे."

वेंकोबण्णांनी झडती सुरू केली. मी बरोबर होतो, खुरपणाऱ्या बायका कामं टाकून जमल्या होत्या. बॅटरी नवी घातली, काटा कोरड्यावरच. "बॅटरी निर्दोष!" खोक्यातली एक सुटी वडी पेलाभर पाण्यात बुडवून मीटरला जोडली. काटा थोड्या वेळाने 'ओलं'वर गेला. "मीटर निर्दोष!" खुंटीपासून जमिनीपर्यंतची तार हाताने चाचपली, जोड सोडून पुन्हा बांधले, दोन्ही टोकांना तपासणी झाली. "तार निर्दोष!" बायकांपैकी एकीने उंदराचं बीळ दाखवलं. वेंकोबण्णा पालथे पडून त्यात डोकावले. बीळ वडीच्या उलट बाजूला जात होतं. "उंदीर निर्दोष!"

मग ते उठले, पंपघरात गेले आणि मुनियप्पाचं फावडं घेऊन आले.

"शिंदे!" साहेब म्हणाले. "मी नको म्हटलंय."

"माणूस बाहेर काढला सर, वडी बाहेर काढायला काय हरकत?" आणि पहिला घाव बसला.

वीतभर खणल्यावर फावडं टाकून त्यांनी हातांनी माती काढायला सुरुवात केली. कडेची माती चिखल. मध्ये मात्र एक उभी पोकळी लागली, पहारीने पाडलेल्या भोकाएवढी. वरून तोंड बुजलेलं, आत भुसभुशीत धूळ, आणि तळाला ती वडी, मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखी पांढरी आणि खडखडीत. मातीला ती कुठेच चिकटलेली नव्हती. सभोवती पाणीच पाणी आणि ही बया आपल्या कोठडीत कोरडी बसून होती.

वेंकोबण्णा वडी हातात घेऊन बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा आवाज चढत गेला. "वडी पुरताना आधी भिजवायची! मग खड्ड्यात चिखल ओतायचा! त्यात बसवायची, आणि काठीने ठोकून ठोकून माती भरायची, पोकळी म्हणून ठेवायची नाही! शंभर वेळा सांगितलो मी! कुठल्या डबल कत्तेनं ही कोरडी टाकून वर माती लोटला? वही आण, निप्पाणी! नाव वाच!"

मी पळत जाऊन वड्या पुरल्याची वही आणली. सतरा नंबर शोधला. नाव वाचलं, आणि वही मिटली.

"वाच!"

"अण्णा..."

"मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

"व्ही. शिंदे."

त्यांनी वही माझ्या हातातून ओढून घेतली. सही त्यांचीच होती. मातीचं बोट सहीवर टेकवून ते उभे राहिले.  मी मनात कारणं शोधत होतो. शेवटी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुमची तब्येत बरी नसेल."

"ठणठणीत होतो."

"घाई असेल. चोवीस वाफे एका दिवसात..."

"दोन दिवस होते." त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा झाला होता. "ऊन होतं. कंटाळा केलो. पाहतंय कोण, म्हटलो." आणि मग एकदम, तळ्यापर्यंत ऐकू जाईल असे ते गरजले, "वेंकोबराव! कत्ते! कत्तेच्या पोटी जन्मलेला कत्ते!"

साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. दार लावलं. ते वाईट माणूस नव्हते असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. ते म्हणाले, "शिंदे, वर्षभरात तुम्ही निवृत्त होणार. तुमच्या मुदतवाढीचा कागद मी वर पाठवलाय. हे प्रकरण वाढवू नका. उंदराने भोक पाडलं, त्यामुळे वडी सुटी झाली, असं लिहू. मुनियप्पाला दोन-चार महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या कामावर घेता येईल. तुम्हीही सुटाल."

"उंदीर निर्दोष आहे, सर."

"अहो, उंदराला काय फरक पडतो?"

"उंदराला पडत नाही. पण मी त्याला सगळ्यांसमोर सोडलो आहे." मग माझ्याकडे वळून, "लिही, निप्पाणी. वेंकोबराव शिंदे, मेकॅनिक, याने वडी चुकीची पुरली. काटा खोटा होता. नीरगंटी मुनियप्पाने पाणी वाफ्यात सोडलं होतं. चोरीचा आरोप खोटा आहे. लिहिलास?"

साहेब मला म्हणाले, "तू आपल्या टेबलावर जा."

मला वाटतं माझ्या आयुष्यात मी एकच धाडसाचं काम केलं, ते म्हणजे तिथेच उभ्याने तो कागद पुरा केला. वेंकोबण्णांनी सही केली. त्याच्या खाली मी लिहिलं की प्रत्यक्ष वाफ्यात न उतरता आधीचा अहवाल लिहिला गेला, आणि माझीही सही केली. साहेबांनी कागद फायलीत ठेवला आणि सांगितलं, "बघू."

ते 'बघू' आम्हा दोघांनाही ओळखीचं होतं. वेंकोबण्णांनी त्या दिवसापासून एकही मीटर दुरुस्त केला नाही. रोज वेळेवर येत, सही करत आणि ऑफिससमोरच्या पायरीवर हाताची घडी घालून बसत. साहेब बाहेर आले की ओरडत, "मुनियप्पा कुठाय, सर?" पाहुणे आले त्या दिवशीही ते तिथेच बसले होते. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, मुनियप्पा कोण? वेंकोबण्णांनी त्यांना हाताला धरून सतराव्या वाफ्यापाशी नेलं आणि खड्डा, वडी, वही, सही, सगळं दाखवलं. शिव्यांसकट. पुढच्या सोमवारी हुकूम मागे घेतल्याचा कागद निघाला.

तो कागद पोस्टाने पाठवायचा होता. वेंकोबण्णा म्हणाले, "पोस्टाने? चोर म्हणताना तोंडाने म्हटला, आणि नाही म्हणायला पोस्टमन?" कागद खिशात घालून ते मला घेऊन मुनियप्पाच्या गावी निघाले.

मुनियप्पा घराच्या ओट्यावर दोर वळत बसला होता. वेंकोबण्णांना माफी मागायची होती. पण त्यांना हळू बोलताच येत नसे. ते अंगणात उभे राहून ओरडले, "मुनियप्पा! चूक माझी! वडी मी पुरलो! तू कामावर ये!"

आतून मुनियप्पाची बायको मुसळ घेऊन बाहेर आली. तिला वाटलं भांडायला आलेत. मुनियप्पाने तिला हाताने थांबवलं, कागद घेतला, उलटसुलट बघितला. त्याला वाचता येत नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "हा फार्मचा कागद. गावात मला चोर म्हणतात ते कागद वाचून म्हणत नाहीत. माझ्या मुलीच्या सासरी बातमी पोचली. जावई शिवरात्रीला आला नाही."

"मग मी काय करू? सांग."

"मारुतीच्या देवळापुढे कट्टा आहे. संध्याकाळी लोक बसतात."

वेंकोबण्णा संध्याकाळपर्यंत थांबले. मुनियप्पाच्या बायकोने रागीमुद्दा, म्हणजे नाचणीचा उंडा, वाढला, तो ते मान खाली घालून जेवले. दिवस कलला तसे ते कट्ट्यावर चढले. गुरं परतत होती, पाचपन्नास माणसं जमली होती. त्यांनी कन्नडात सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. ऊन होतं, कंटाळा केला, हेसुद्धा. शेवटी म्हणाले, "या कट्ट्यावर आज एक कत्ते उभा आहे, आणि तो मुनियप्पा नाही." लोक हसले. वेंकोबण्णा हसले नाहीत. घाम पुसत ते खाली उतरले.

मुनियप्पाने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "सरी, अण्णा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. जावई उगादीला, म्हणजे पाडव्याला, आला. वेंकोबण्णांची मुदतवाढ आली नाही. पावसाळा संपता संपता ते निवृत्त झाले. हार घातला, फोटो काढला, आणि हार घातलेल्या अवस्थेतच "हा कॅमेरा कोण धरला आहे, स्वल्प कत्ते?" म्हणून ओरडून ते निघून गेले.

फार्म एकदम शांत झालं. सुरुवातीला बरं वाटलं. मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारायचं, "आज काहीतरी ऐकू येत नाही, नाही?"

तीनेक महिन्यांनी त्यांच्या पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली म्हणून मी रविवारी बसवनगुडीला त्यांच्या पत्त्यावर गेलो. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला घरी बोलावलं नव्हतं. खाली मालकीणबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "अक्का, वेंकोबराव शिंदे इथेच राहतात?"

"वर. जिना मागून आहे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे कोण? त्यांना बोलता येत नाही, माहीत आहे ना?"

मला वाटलं मी चुकीच्या घरी आलो.

"नऊ वर्षं झाली त्यांची बायको जाऊन," अक्का म्हणाल्या. "तेव्हापासून एक शब्द ऐकला नाही आम्ही. भाडं देतात, मान हलवतात, जातात. सुम्मने, उगी गप्प, बसून असतात, एकटेच. हल्ली रविवारी एक खेड्यातला माणूस येतो, काळासा. दोघं दुपारभर बसतात. तोही मुकाच असावा बिचारा."

मी जिना चढलो. दार उघडं होतं. खोलीत चटईवर वेंकोबण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि शेजारी मुनियप्पा. मध्ये केळीच्या पानावर शेंगा होत्या, उकडलेल्या. दोघे सोलत होते.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. मी म्हटलं, "अण्णा, वाचून बघा. तुमच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. माझीच चूक आहे. मी लिहिलंय ते."

मी वाट बघत उभा राहिलो. खाली अक्का तांदूळ निवडत होत्या, त्या सुपाचा आवाज वर येत होता.

"असू दे," वेंकोबण्णा म्हणाले. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

मी कागद घडी करून खिशात ठेवला, निघावं म्हटलं. तेवढ्यात मुनियप्पाने शेंगांचं पान माझ्या बाजूला ढकललं, आणि वेंकोबण्णा चटईवर थोडे सरकले.

मी बूट काढून बसलो.